पूर्ण एक मिनिट

मेडिकलचं दुसरं वर्ष संपल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आठवडे एका खेड्यातल्या डॉक्टर मॅडमकडे शिकायला गेले होते. पहिल्याच सकाळी नवाकोरा स्टेथोस्कोप गळ्यात घालून मी रुबाबात बसलेली. दीड वर्षाचं पोर, तीन दिवस ताप-खोकला. मी छातीला स्टेथो टेकवला मात्र, त्यानं असं भोकाड पसरलं की बाहेर नंबर लावून बसलेले लोक दारातून डोकावले.

"काढ ते आधी," मॅडम म्हणाल्या. "आईच्या मांडीवर शांत होऊ दे. मग झबलं वर कर आणि नुसते श्वास मोज."

मी तीस सेकंद मोजून दुप्पट केली आणि सांगितलं, ३८.

"अगं, पूर्ण मिनिट. या वयात श्वास काय एका चालीनं चालतो?"

परत मोजले. ४६! एक ते पाच वर्षांच्या मुलांत मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद (दोन महिन्यांपुढे वर्षाच्या आत ही रेघ ५० वर), आणि खोकल्यासोबत जलद श्वास असेल तर न्यूमोनिया धरून चालायचं. हा तक्ता मला पाठ होता, परीक्षेत लिहिलाही होता. तरी माझ्या ३८ वर ते पोर औषधाविना घरी गेलं असतं.

छाती आत ओढली जात नव्हती, पोर नीट पीत होतं, म्हणून भरती न करता अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक. कधी धावत यायचं ते मॅडमनी आईला सांगितलं आणि तिच्याकडून परत वदवून घेतलं. ते मला तेव्हा जरा अतीच वाटलं होतं.

दुपारी मॅडमनी केर व्हाइट या संशोधक डॉक्टरांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६१ चा हिशेब ऐकवला. १००० प्रौढांपैकी महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. २५० डॉक्टरकडे जातात, ९ भरती होतात, आणि मेडिकल कॉलेजच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो फक्त १. आम्ही शिकतो ते सगळं त्या एकाच्या खाटेभोवती उभं राहून. बाकीचे ७४९ मला आजवर भेटलेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी ते पोर तपासणीला यायचं होतं. मी सकाळपासून दाराकडे बघत होते. आले. आईच्या मांडीवर, झबलं वर, पूर्ण मिनिट: ३४. मग मी स्टेथो बाहेर काढला, आणि पुन्हा तेच भोकाड.