आरसी१०टी परत ट्रॅकवर: टबचा पीळ निघाला

मंडळी, माझी आरसी१०टी, म्हणजे रिमोटवर पळणारी जुनी छोटी गाडी, शेवटी रेसमध्ये पळाली! बऱ्याच जणांनी मधे विचारलं की ती थ्रॉटल दिल्यावर उजवीकडे ओढत होती त्याचं पुढे काय झालं, म्हणून पहिल्यापासूनचं सगळं एका दमात लिहून काढतो.

जूनमध्ये इथे कॅलिफोर्नियात टस्टिनला एका गॅरेज सेलमध्ये मिळाली ही, ४० डॉलरला, पुठ्ठ्याच्या खोक्यात. टायर दगडासारखे कडक, जुन्या ७५ मेगाहर्ट्झ रेडिओचा रिसीव्हर त्याच्या क्रिस्टलसकट, आणि सहा सेलची निकेल कॅडमियम बॅटरी, जिच्या टोकांना पांढरट हिरवं मीठ फुटलेलं. पण खाली सोनेरी टब, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, दिसला आणि मी भाव पण केला नाही. मी राहतो इर्व्हाइनला, आणि ही बनवणारे असोसिएटेडवाले तेव्हा ज्या कोस्टा मेसात होते ते माझ्या घरापासून पाव तासावर, म्हणजे ही गाडी तीस वर्षं जन्मगावाच्या आसपासच फिरत राहिली असणार, याचंच मला फार अप्रूप वाटलं. मूळ आरसी१० आली १९८४ ला, पुढच्याच वर्षी डेल मारला पहिली १:१० (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची) ऑफरोड वर्ल्ड चँपियनशिप झाली त्यात जे हॅल्सीने टू व्हील ड्राइव्ह तिच्यावरच मारली, आणि आरसी१०टी म्हणजे त्याच घरातला स्टेडियम ट्रक, नव्वदीच्या सुरुवातीचा. तोच घडी घातलेल्या पत्र्याचा टब, पण आर्म (चाकं धरणाऱ्या दांड्या) लांब, टायर मोठे आणि मागे स्टेल्थ नावाचा गिअरबॉक्स.

एक गोष्ट घरी आणल्याच्या रात्रीच ठरवली की ही शोकेसमध्ये ठेवायची नाही, पळवायची. आमच्या क्लबात महिन्यातून एकदा व्हिंटेज क्लास असतो, नियम साधे आहेत, चेसिस गिअरबॉक्स आर्म शॉक मूळचे पाहिजेत, मोटर २७ टर्न ब्रश्ड (२७ वेढ्यांची, जुन्या पद्धतीची ब्रशवाली), बॅटरी टू सेल लिपो (लिथियम पॉलिमर) चालते, रेडिओ कुठलाही. त्यामुळे रेडिओ सरळ २.४ गिगाहर्ट्झचा टाकला आणि स्पीड कंट्रोल पण नवीन, कारण जुन्याला लिपोचा कटऑफ (बॅटरी फार उतरायच्या आत बंद करणारी सोय) नसतो आणि एका हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या एका फेरीत, सेल खाली उतरून बॅटरी फुगते. यावर वाद घालणारे भेटतात, पण माझ्या मते गाडीचं गाडीपण टबात, गिअरबॉक्सात आणि शॉकात आहे, रिसीव्हरमध्ये नाही.

पहिले दोन आठवडे, खोलाखोल आणि स्क्रू

सगळं खोललं. टब धुतला तो भांड्याच्या साबणाने आणि मऊ टूथब्रशने, बाकी काही नाही. हे जोर देऊन सांगतो, ओव्हन क्लीनर किंवा कॉस्टिकवालं काहीही या सोनेरी टबाला लावू नका, अ‍ॅनोडायझिंग मिनिटात उतरतं आणि परत येत नाही. खाली घासल्याच्या रेघा आहेत त्या तशाच ठेवल्या, त्या तिने ट्रॅकवर कमावलेल्या आहेत.

स्क्रूंनी मात्र दमवलं. ही गाडी पूर्ण इंची मापाची, बहुतेक जागी ४-४० चे स्क्रू, आणि आधीच्या मालकाने हरवलेल्या स्क्रूच्या जागी दिसेल तिथे मिलिमीटर मापाचे एम३ पिळून बसवलेले. दोन्ही हातात घेतले तर सारखेच वाटतात, ४-४० चा व्यास २.८४ मिमी आणि एम३ चा ३, पण आट्यांचं अंतर एकाचं ०.६३५ आणि दुसऱ्याचं ०.५, म्हणजे दोन फेरे गोड जातो आणि मग आटे खात खात आत शिरतो. गिअरबॉक्सच्या नायलॉनच्या केसला अशी तीन भोकं ढिली झालेली. तिथे आरपार लांब ४-४० टाकून मागून लॉकनट मारला, घट्ट बसलं आणि केस बदलावी लागली नाही. एम३ ची खरी जागा एकच, मोटर, कारण ५४० मोटरच्या कॅनला आटे मिलिमीटरचेच असतात.

आर्म वाळून ठिसूळ झालेल्या, नायलॉन पाणी सोडून देतं. पातेल्यात उकळत्या पाण्यात वीस मिनिटं ठेवल्या आणि त्याच पाण्यात गार होऊ दिल्या, वाकवून बघितल्या तर परत लवचिक. घरी कळलं तेव्हा ते पातेलं कायमचं गॅरेजला मिळालं.

डिफ

यावर दोन पूर्ण शनिवार गेले आणि ते वसूल झाले. बॉल डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल, खोलला तर आतलं ग्रीस काळं आणि चिकट, गुळाच्या काकवीसारखं, आणि दोन्ही रिंगांवर बॉल फिरून फिरून चर पडलेला, नखाला लागेल एवढा. नव्या रिंगा मिळतात, पण मी आधी त्या उलटवल्या, मागची बाजू कोरी होती. काचेवर ६०० चा पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवल्या, चकाकी जाऊन सगळीकडे एकसारखा राखाडी रंग येईपर्यंत. बॉल मात्र सगळे नवीन, ३/३२ इंचाचे, कारण एखादा जरी घिसून बाकीच्यांपेक्षा लहान झाला तर भार उरलेल्यांवर येतो.

ग्रीस दोन वेगवेगळी लागतात आणि इथेच पुष्कळ लोक चुकतात. मोठ्या बॉलना पारदर्शक सिलिकॉनचं, कारण तिथे रिंग आणि बॉलची पकड हवी असते, आणि आतल्या छोट्या थ्रस्ट बेअरिंगला काळं मॉलीवालं, कारण तिथे फक्त सुळकन फिरायला पाहिजे. माझ्या थ्रस्टमध्ये बॉल कमी होते, कोणीतरी आधी खोलून बसवताना ते खाली सांडून गेलेले असणार, म्हणून डिफ घट्ट केला की करकर आणि ढिला केला की सरकणं, मधे काही नाहीच. नवे बॉल चिमट्याने एकेक करून ग्रीसमध्ये चिकटवत बसवले, श्वास रोखून, कारण एक खाली पडला की गॅरेजच्या फरशीवर तो परत सापडत नाही.

सेटिंग नेहमीचंच, दोन्ही मागची चाकं धरायची आणि स्पर (मोठं दातेरी चाक) अंगठ्याने ढकलून बघायचा, सरकायला नको. आणि स्लिपर (झटका बसला की सरकणारा क्लच) कायम डिफच्या आधी सरकला पाहिजे. उलटं झालं तर उडीवरून उतरताना सगळा झटका रिंगांवर येतो आणि एका संध्याकाळीत परत चर.

शॉक

शॉकबद्दल थोडंच लिहितो. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडी उत्तम निघाल्या, फक्त शाफ्टवर एक ओरखडा होता. या जुन्या शॉकचे ओरिंग आत तळाशी बसतात आणि त्यांच्यावर एक छोटी स्नॅप रिंग असते, ती काढताना अख्खा शॉक पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काढा, उडाली तर पिशवीतच राहते. पुढे ३० चं तेल, मागे २५ चं, शाफ्ट हळूहळू वर खाली करून बुडबुडे निघेपर्यंत थांबायचं आणि मगच टोपी लावायची.

आणि मग ती ओढ

ऑगस्टच्या शेवटी पहिल्यांदा प्रॅक्टिसला नेली. सरळ रेषेत हळू चालवली की ठीक, पण कोपऱ्यातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की मागचा भाग एका बाजूला जाऊन गाडी उजवीकडे ओढायची. डावीकडच्या वळणात छान पकड, उजवीकडच्या वळणात गर्रकन फिरून उलटं तोंड. मी डिफवर संशय घेतला, परत खोलला, काही नाही. शॉकच्या लांब्या मोजल्या, स्प्रिंगा अदलाबदल केल्या, टो (चाकं आत बाहेर किती वळलीत ते) बघितला. तीन आठवडे असेच गेले.

ट्रॅकवर एक साठीच्या पुढचे गृहस्थ येतात, नव्वदीत हेच ट्रक पळवलेले, त्यांनी गाडी पिटच्या टेबलावर ठेवली, खिशातली छोटी सुरी काढली आणि नाकाखाली बरोबर मधोमध टोक लावून पुढचा भाग अलगद उचलला. डावं चाक आधी उठलं. उजवं अजून टेबलावरच. मग मागून तसंच केलं तर उजवं आधी उठलं, म्हणजे एका तिरक्या जोडीवर भार जास्त आणि दुसरीवर कमी. ते म्हणाले, शॉकला हात लावू नको, टब उघडा कर.

उघडा करून जाड काचेवर ठेवला. एका कोपऱ्याखाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सरकवला, १.१ मिमी गेला. नोज प्लेट जिथे बसते त्याच्या जरा मागे टब पिळलेला, कधीतरी वाईट उतरलेली असणार. एवढासा पीळ डोळ्याला दिसत नाही, पण सगळी सस्पेन्शन त्यावरच उभी, मागचं एक चाक हलकं पडलं की थ्रॉटलला ते आधी फिरतं आणि डिफ सगळी ताकद तिकडे सांडतो. म्हणजे डिफ चांगला झाल्यामुळेच ओढ जास्त कळत होती.

आता प्रश्न असा की सरळ करायचा का. अ‍ॅनोडायझिंग म्हणजे पत्र्यावर काचेसारखा कडक थर, पत्रा वाकला की त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि त्या जात नाहीत. जमवणारे लोक म्हणतील हात लावू नको, किंमत जाईल. दोन दिवस विचार केला. आणि मग कोल्हापूरला फोन लावला, कारण बाबांनी उद्यमनगरात तीस वर्षं लेथ आणि पत्र्याचं काम केलंय.

व्हिडिओवर टब सगळ्या बाजूंनी दाखवला. त्यांनी आधी विचारलं, "पळवायचाय का ठेवायचाय?" पळवायचाय म्हणालो. मग म्हणाले, "तापवू नगंस, अ‍ॅल्युमिनियम तापवलं की मऊ पडतंय. थंडच धर. जेवढं पाहिजे त्याच्या जरा पुढं न्यायचं आणि सोडायचं, ते आपोआप मागं येतंय. एका झटक्यात न्हाई. आणि दर खेपंला काचेवर ठेवून बघायचं, डोळ्यावर भरवसा न्हाई ठेवायचा."

तसंच केलं. मागचा भाग दोन सागवानी ठोकळ्यांत धरून व्हाइसमध्ये घट्ट केला, पुढच्या भागाला तसेच दोन ठोकळे क्लँप करून त्याला दीड फुटाची लाकडी पट्टी बांधली, म्हणजे जोर बाजूच्या भिंतींवर न येता पूर्ण रुंदीवर येतो. हाताने पीळ दिला, सोडला, काचेवर. १.१. काहीच नाही. परत जरा पुढे. ०.९. बाबा फोनवर बघतायत, तिकडे सकाळचे साडेसात, त्यांचा चहा निवला तरी लक्ष नाही. अकराव्या खेपेला ०.३, चौदाव्याला ०.२ ची पाती अडकली आणि ते म्हणाले, "बास. आता सोड."

घडीच्या जागी भेगा पडल्यात, बोटभर लांबीच्या, उजेडात तिरकं धरलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात. सोनेरी रंग तिथे किंचित पांढुरका झालाय. मी त्यावर काही लावलं नाही, भिंगाखाली बघितलं, धातूला तडा नाही, फक्त वरचा थर.

रेस

बाकीची जोडणी दोन संध्याकाळीत. पिनियन (मोटरचं छोटं दातेरी चाक) आणि स्परमध्ये कागदाची पट्टी घालून मेश, म्हणजे दातांमधली फट, लावली. बेअरिंग सगळी नवीन. लिपो जुन्या पॅकपेक्षा चांगलीच हलकी, म्हणून तिच्या मागे पितळी पट्टी ठेवली, नाहीतर मागे वजनच राहत नाही आणि टू व्हील ड्राइव्ह मातीच्या ट्रॅकवर नुसती घसरते. सुरीचा प्रयोग परत केला, दोन्ही चाकं एकदम उठली, पुढे पण आणि मागे पण, मी तो पाच वेळा केला कारण बघायलाच इतकं बरं वाटत होतं.

व्हिंटेजला आठ गाड्या होत्या. पहिल्या हीटमध्ये मी हात आखडून चालवली, दुसऱ्यात उजवीकडच्या हेअरपिनला मुद्दाम लवकर थ्रॉटल दिला, जिथे महिनाभर उलटं तोंड होत होतं, आणि गाडी सरळ निघून गेली. तिसऱ्यात माझा सगळ्यात चांगला लॅप लागला. फायनलला पाचवा आलो, पहिल्या लॅपला तिहेरी उडीवर एकाने वरून येऊन दाबलं नसतं तर चौथा तरी आलो असतो. एक आर्म पण तुटली नाही.

रात्री टब पुसून परत काचेवर ठेवला, ०.२ च. बाबांना फोटो पाठवला, त्यांचा उलट फोन आला की नटाला लॉकटाइट लावलंस का, आणि लावलं नव्हतं, मागच्या डाव्या शॉकचा वरचा नट अर्धा फेरा सुटलेला निघाला.

पुढच्या महिन्याआधी राहिलेलं काम: पुढचा उजवा शॉक तेल गाळतोय, त्याचा ओरिंग बदलायचा, आणि मागच्या चाकांची पिन ड्राइव्ह ढिली झालीये, एका रिमचं पिनचं भोक लंबगोल झालंय. मूळची मागची रिम कोणाकडे जादाची पडली असेल तर कळवा, एक मिळाली तरी चालेल, बदल्यात माझ्याकडे ३/३२ चे नवे डिफ बॉल भरपूर आहेत.