पन्नास की एकोणपन्नास

ती गेली त्याला तीन आठवडे झाले होते. दुपारची बॅच सुटल्यावर तिची आई प्रयोगशाळेच्या दारात उभी. बाकीच्या वह्या घरीच होत्या, पण भौतिकशास्त्राचं जर्नल आमच्या कपाटात राहिलं होतं. ते हवं होतं.

पहिल्या वर्षाच्या मुलांची नावं माझ्या लक्षात राहीपर्यंत निम्मं वर्ष सरतं. हिचं दुसऱ्याच आठवड्यात राहिलं, कारण उत्तर जुळलं नाही की ती तसं येऊन सांगायची. गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण, 'जी', म्हणजे ९.८ हे शाळेपासून सगळ्यांना पाठ. त्यामुळे बरीच मुलं आधी उत्तर ठरवतात आणि मग उलटं गणित करून रीडिंग बसवतात. आम्हाला ते कळत नाही असं नाही. पण तीस जर्नलं समोर पडली की आम्हीही डोळेझाक करतो.

त्या गुरुवारी केटरचा दोलक होता. हेन्री केटरनं १८१७ मध्ये बनवलेला हा दोलक दोन क्षुरधारांवर, म्हणजे सुरीसारख्या धारदार कडांवर, आलटून पालटून टांगता येतो. दोन्हीकडचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, एकसारखा होईपर्यंत वजनं केसभर इकडेतिकडे सरकवत राहायचं. तो जुळला की त्या दोन धारांमधलं अंतर आणि तो काळ, एवढ्यावर 'जी' निघतो. फार चिकाटीचं काम आहे. तिनं ते केलं होतं. अंतर ८० सेंटिमीटर, ५० दोलनांना दोन्हीकडून ८८.० सेकंद. उत्तर आलं १०.२०.

"सर, जास्त येतंय."

"बाकीच्यांचं बरोबर येतं, तुझंच कसं येत नाही?" मी म्हणालो, लाल पेनानं 'रिपीट' लिहिलं आणि पुढच्या जर्नलकडे वळलो. तिचं रीडिंग मी बघितलंसुद्धा नाही.

शनिवारी रस्ता ओलांडताना गाडीनं तिला उडवलं. अठरा वर्षांची होती. ५ ते २९ या वयोगटात जगभर सर्वांत जास्त मृत्यू रस्ते अपघातांनी होतात, हे जागतिक आरोग्य संघटनेचं वाक्य मी कधीतरी वाचलं होतं. वाचून पान उलटलं होतं.

जर्नल काढून दिलं. आई स्टुलावर बसून एकेक पान बघत राहिल्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, अक्षर बघत होत्या. केटरच्या पानावर थांबल्या.

"हे लाल काय लिहिलंय? चुकलं होतं का तिचं?"

मी वाकून बघितलं. माझ्या शेऱ्याखाली तिनं पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं : 'रीडिंग बदललेलं नाही. मोजणी तपासायची.' ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

"मोजण्यात कधी चुकायची नाही हो ती," आई म्हणाल्या. "लहानपणापासून सवयच. जिना चढताना, कपडे वाळत घालताना, सारखं आपलं एक, दोन, तीन."

एक.

घड्याळ सुरू करताना 'शून्य' म्हणायचं असतं. 'एक' म्हटलं की पन्नासाव्या अंकाला दोलनं भरतात एकोणपन्नास. दरवर्षी चारसहा जण हे करतात आणि दरवर्षी मी ते पहिल्याच तासाला सांगतो. त्या वर्षी सांगितलं होतं का, आठवत नाही. कॅल्क्युलेटर ओढला, ८८ ला ४९ नं भागलं, पुढचं गणित केलं. ९.७९.

मी त्यांना आकडा दाखवला. काय सांगावं कळेना. "रीडिंग अगदी नीट घेतलंय तिनं. सुरुवात शून्याऐवजी एकपासून केली, एवढंच. आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं."

त्या बराच वेळ त्या पानाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मग सही करा ना. सही राहिली की तिच्या जिवाला चैन नसायचं."

तिच्या पेन्सिलीच्या ओळीखाली मी लिहिलं : '४९ दोलने. जी = ९.७९.' 'रिपीट'वर रेघ मारली, सही केली. शेजारी तारखेची जागा मोकळी होती. तिथं पेन जरा अडखळलं.

मग मी त्या गुरुवारची तारीख घातली.