फिल्टर जरा जास्तच पळायला लागला तेव्हा

मी पुण्यातल्या एका छोट्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये लीडर म्हणून काम करतो, शनिवार-रविवार लोक सुट्टी घेतात तेव्हा माझी ड्युटी असते. हा किस्सा फेब्रुवारी २०२५ चा, राजगड-तोरणा-रायगड, तीन दिवस, चौदा माणसं. चूक माझीच होती हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे बरं वाटतं.

त्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गियान-बारे सिंड्रोमची साथ होती, आठवत असेल. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, तिकडे पाण्याची जाम भीती बसलेली, आणि पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडल्याच्या बातम्या रोज येत होत्या. आमच्या ग्रुपमध्ये एक ताई होत्या धायरीच्या. घरी महिनाभर उकळलेलंच पाणी पीत होत्या आणि बसमध्ये स्वारगेट सुटायच्या आत त्यांनी विचारलं, दादा, वाटेत पाणी कुठलं? मी आपला ऐटीत पाण्याचा फिल्टर काढला. म्हटलं ताई, यात बारीक पोकळ नळ्या असतात, त्यांची भोकं ०.१ मायक्रॉनची, तो कॅम्पिलोबॅक्टर याच्यातून जाऊच शकत नाही, फक्त व्हायरस जातील कारण ते त्याहून बारीक, त्याच्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या आहेत. सगळी बस ऐकत होती. लेक्चर एकदम झकास झालं.

रात्री गुंजवण्यात मुक्काम, पहाटे साडेचारला चढाई, चोर दरवाज्याने वर. पद्मावती मंदिराजवळच्या टाक्यावर प्रत्येकाने तीन-तीन लिटर भरून घेतलं, संजीवनी माची करून अळू दरवाज्याने आम्ही तोरण्याकडे जाणाऱ्या डोंगरधारेवर उतरलो. ही धार ज्यांनी केलीय त्यांना माहितीये, राजगड मागे, तोरण्याची बुधला माची समोर दिसतेय पण जवळ काही येत नाही, सावली जवळपास नाही आणि उन्हाळा लागला की पाण्याच्या नावाने ठणठणाट. म्हणून मधे जिथे गाडीरस्ता धार ओलांडतो तिथे जीपने वीस-वीस लिटरचे दोन कॅन मागवलेले. जीप आलीच नाही. पंक्चर झालं होतं हे रात्री कळलं, तेव्हा फोनला रेंज नव्हती. बारा वाजलेले, आणि चौदा जणांत मिळून फार तर नऊ-दहा लिटर उरलेलं.

पुढे एक धनगरवाडा लागतो, म्हणजे दोनच घरं. तिथल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "हाय की झिरा, खाली घळीत, पर गुरं उतरत्यात तिथं." पाणी शोधायच्या बाबतीत माझा अनुभव सांगतो, मॅपवरच्या निळ्या खुणेपेक्षा गुरांची वाट आणि तिथल्या माणसाचं बोट जास्त खरं, फक्त गुरांची वाट जिथे नेते तिथे शेणही असतंच. झिरा म्हणजे ओंजळभर खड्डा, तळाशी गाळ, कडेला खुरांचे ठसे. वाटीने हळू हळू भरून वीसेक लिटर वर आणायला पाऊण तास गेला.

रुमालातून गाळून फिल्टर लावला. आता बघा, गढूळ पाणी घातलं की फिल्टर तुंबतो, धार बारीक होते, मधे मधे पिचकारीने उलटं स्वच्छ पाणी मारून तो धुवावा लागतो. हा मात्र सुसाट. पोरं खूश, दोघांनी तर बाटली भरली की लगेच अर्धी घशात ओतली. आणि ताईंनी आपली बाटली उन्हात धरली आणि म्हणाल्या, दादा, हे जरा धुरकट दिसतंय का मलाच तसं वाटतंय?

त्यांना वाटत नव्हतं, होतंच.

त्या सेकंदाला मला हिमालयातलं केदारकंठा आठवलं. डिसेंबरमध्ये तिथे गेलो होतो, रात्री उणे तापमान, आणि हा फिल्टर मी वापरून ओला तसाच सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला होता. गोठला की आतलं पाणी फुगतं, नळ्या फुटतात, आणि बाहेरून फिल्टर एकदम नव्यासारखा. म्हणूनच थंडीत तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं असतं, हे मी स्वतः दहा वेळा लोकांना सांगितलंय. तिथे सकाळी त्याच्यातून पाणी आलं, म्हटलं चालतंय की, आणि विषय संपवला.

चेक करायची एक सोपी पद्धत आहे. फिल्टर ओला असताना एका बाजूने तोंडाने फुंकायचं, नळ्या धड असतील तर बारीक भोकांत अडकलेलं पाणी हवा जाऊ देत नाही. मी दुसरं टोक पेल्यात बुडवलं आणि फुंकलं. बुडबुडे. चौदा माणसांसमोर बुड् बुड् बुड्. बसमधलं लेक्चर आठवून कान गरम झाले.

क्लोरीनच्या गोळ्या होत्या, पण पाणी गढूळ असलं की त्यांचा जोर कमी पडतो, आणि जिथे गुरं असतात तिथे क्रिप्टो नावाचा जंतू असू शकतो त्याला क्लोरीन जुमानत नाही. उकळणं हाच उपाय. आमच्या स्टोव्हला वीस लिटरचा गॅस कुठून आणणार, मग मावशींची चूल. त्यांच्या मोठ्या पातेल्यात कपड्यातून गाळून, निवळू देऊन, तीन खेपांत सगळं खळखळून उकळलं. मावशी हसत होत्या, "आमी तर असंच पितो, काय नाय होत." मी वाद घातला नाही. त्यांच्या पोटाला सवय असेल, आमच्या नव्हती आणि जबाबदारी माझी होती. लाकडाचे पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या, वर सगळ्यांना ताक दिलं, पैसे बळंबळं नातवाच्या हातात ठेवून आलो. धुराचा वास असलेलं कोमट पाणी कुरकुर न करता प्यायले सगळे. तोरण्यावर पोचायला अंधार पडला.

अर्धी बाटली प्यायलेल्या त्या दोघांना मी तिथेच सगळं सांगितलं, लपवलं नाही. जिआर्डियासारखा जंतू असेल तर त्रास लगेच होत नाही, एक-दोन आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे रायगड करून परत आल्यावरही मी एक दिवसाआड फोन करत होतो, जेवलास का, पोट कसंय, स्वतःच्या पोराला पण इतकं विचारत नाही. आठव्या दिवशी एकाला जुलाब लागले. माझी झोप उडाली. स्टूल टेस्टमध्ये काही निघालं नाही, त्याने आदल्या दिवशी पाणीपुरी हाणली होती म्हणे, पण खरं कारण कधीच कळलं नाही. लॅबचं बिल मी भरलं.

पुढच्या ट्रेकला धायरीच्या ताई परत आल्या. बसमध्ये चढल्या, माझ्या हातातला नवा फिल्टर घेतला, आपल्या बाटलीतलं पाणी त्यातून जाऊ दिलं, आणि सगळ्यांसमोर जोरात फुंकून बघितला.