वणीला गेलो आणि द्राक्षांत अडकलो

सप्तशृंगी आमची कुलदेवता, त्यामुळे बडोद्याहून वणीला जाणं आमच्याकडे ट्रिपमध्ये धरतच नाहीत. दांडिया बाजारातून पहाटे निघायचं, भरूचच्या ट्रॅफिकला शिव्या घालायच्या, चिखलीला हायवे सोडून वांसदा-वघईवरून सापुतारा चढायचा, की आलाच महाराष्ट्र. गड, दर्शन, ट्रॉलीची रांग सगळं नेहमीसारखं छान झालं. पण या वेळी भावाला "एकदा तरी वायनरी बघायची" होती. गुजरात राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी, त्यामुळे सापुतारा ओलांडला की बडोदेकरांना असे झटके येतात. आत्या म्हणाली, "देवीला येऊन वायनरी?" आणि गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

वायनरी दिंडोरीच्या बाजूची, नाव लिहीत नाही. शनिवार होता, मुंबई-पुण्याची तोबा गर्दी, जो तो ग्लास हातात धरून सेल्फी काढतोय. टेस्टिंगवाला मुलगा पाठ केल्यासारखं सांगत होता, यात पेरूचा वास, यात कापलेल्या गवताचा वास. मी विचारलं, हे दरवर्षी सारखंच लागतं का? पावसापाण्याचा काही फरक? तर म्हणे "मॅडम, आमच्याकडे क्वालिटी कंट्रोल असतो." एवढंच! पैसे मोजून घोटभर वाइन आणि हे उत्तर, मला जाम राग आला.

उत्तर मिळालं ते होमस्टेच्या शेजारच्या बागेत. तिथले आबा वायनरीलाच माल देतात, रात्री ओट्यावर गप्पा मारता मारता म्हणाले, "उद्या तोडणी हाये, या सहाला." फेब्रुवारीचा पहिला आठवडा, मोबाईलवर ९ डिग्री, आत्या शाल, स्वेटर आणि वर भावाचं जॅकेट घालून. बायका डोक्याला फडकं बांधून कात्रीने घड कापून क्रेटमध्ये ठेवत होत्या, पटापट पण अलगद. एवढ्या पहाटे का, तर रात्रभर गार झालेला माल तसाच गार पोचायला हवा, उन्हात तोडला तर मणी फुटून रस सुटतो, क्रेटमध्येच आंबायला लागतो आणि वास उडून जातो.

आबांनी खिशातून साखर मोजायचं नळीसारखं रिफ्रॅक्टोमीटर काढलं, एक मणी चिरडून काचेवर थेंब सोडला आणि उजेडाकडे धरून मला बघायला लावलं. वर निळं, खाली पांढरं, मधली रेघ २२ वर, म्हणजे रसात साधारण २२ टक्के साखर. मग त्याच ओळीच्या पूर्वेच्या बाजूचा एक मणी आणि पश्चिमेच्या बाजूचा एक मणी हातावर ठेवला, खाऊन बघा म्हणाले. पूर्वेचा करकरीत आणि आंबटगोड. पश्चिमेचा मऊ, पिवळसर, गोडमिट्ट, पण चव कशी पडलेली, कारण दुपारचं ऊन तो एकटा खातो. हात-दीड हातावर एवढा फरक! आत्या कुरकुरली, "बिया किती रे बाबा." आबा हसले, "बीच चावा." तपकिरी बी कुरकुरीत फुटते, ती पिकली. हिरवी असली तर कडवट, मग साखर कितीही चढू दे, माल कच्चाच.

साखर उन्हाची आणि आंबटपणा गार रात्रींचा, हे गणित मला तिथे कळलं. नाशिकला उंचीमुळे हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री कडाका मिळतो, त्यावर हा सगळा धंदा उभा आहे. रात्री उबदार राहिल्या की आंबटपणा झपाट्याने जळतो, साखर पुढे पळते आणि बी पिकायची मागे राहते, मग लवकर तोडा नाहीतर जड, बेचव वाइन प्या.

युरोपात वेल थंडीत झोपतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काढणी होते. आपल्याकडचा वेल झोपतच नाही, त्याला कात्रीनेच वळण लावावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी फक्त काडी तयार करायला, कारण त्या फुटीला फळ धरलं तर ते पावसात सापडेल. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिचं फळ जानेवारी ते मार्च. परतीचा पाऊस लांबला की छाटणी लांबते, छाटणी लांबली की तोडणी मार्चच्या उन्हात. फुलोऱ्यात पाऊस आला तर गळ आणि डाऊनी हा बुरशीचा रोग, मणी भरल्यावर आला तर तडकतात.

आबांच्या भिंतीला खिळ्यावर जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा आहे, प्रत्येकावर पेनाने छाटणी, पाऊस, गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चवर काहीच लिहिलेलं नाही, नुसत्या फुल्या, ती गारपीट. २६ नोव्हेंबर २०२३ ला गोल, त्या दिवशी निफाडकडे गारांनी बागा झोडपल्या, आबांच्या मेव्हण्याचा प्लॉट गेला. आणि थंडी जास्त झाली तरी पंचाईत, निफाडला पारा उतरला की लोक बागेत शेकोट्या पेटवतात. मला एप्रिल २०२१ मधले फ्रान्सचे फोटो आठवले, कोंब गोठू नयेत म्हणून ओळींमधून रात्रभर मेणबत्त्या. घरी आल्यावर वाचलं की तिकडे बोन गावच्या काढणीच्या तारखा १३५४ पासून मिळतात आणि १९८८ नंतर काढणी सरासरी १३ दिवस अलीकडे आलीये. आबांचा गठ्ठाही कोणीतरी बसून उतरवून घ्यायला हवा.

भाव साखर बघून ठरतो, पण मला जास्त खुपलं ते पुढचं. नाश्ता करून साडेदहाला निघालो तर वायनरीच्या गेटबाहेर टेम्पोंची रांग, आबांचा सातवा, ताडपत्री हाताला चटका बसेल इतकी तापलेली. आत टेस्टिंगवाल्यांच्या गाड्यांना मात्र शेड.