दोन दिवस उघडीप, तरी सड्यावर आडवा

म्हापशात दोन दिवस पाऊस नव्हता. ऊन असं की लोकांनी चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, रंग द्यायला भिंतींना शिड्या लावल्या होत्या. शनिवारी रात्री पुण्याहून आलेल्या भाच्यानं मोबाइल पुढे धरला, "मामा, बघ, उद्या पाऊस नाहीच. सायकली काढूया." काढल्या. आणि रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या मोर्ल्याच्या बाजूच्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कोरड्या दिसणाऱ्या जांभ्या दगडावर, मी डाव्या कुशीवर आडवा झालो होतो. वेग फार तर ताशी दहा-बारा किलोमीटर. वळणसुद्धा नव्हतं.

पडल्यावर आधी कोपर बघितलं, मग जमीन. उन्हातला जांभा खरखरीत होता, त्यावर टायर मगरीसारखा चावा घेत होता. मी पडलो ती जागा एका जांभळीच्या सावलीत होती, जेमतेम चार हात लांबीची. तिथला दगडही तसाच काळपट. फरक डोळ्याला दिसत नाही, नखाला कळतो. नखानं खरवडलं तर उन्हातल्या दगडावर पांढरी रेघ उठली आणि सावलीतल्या दगडावर नखात हिरवट लोणी आलं. शेवाळ. दोन दिवसांच्या उन्हानं त्याचं काहीही बिघडवलं नव्हतं, कारण ऊन त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

खरं तर मला हे माहीत असायला हवं होतं. बारा-तेरा वर्षं सत्तरी-डिचोलीच्या वाटांवर सायकल फिरवतोय. पण म्हापशातल्या उन्हावरून मी घाटाच्या पायथ्याच्या केरीच्या जमिनीचा अंदाज बांधला, चूक तिथेच झाली.

गोव्यात किनारा आणि घाटाचा पायथा यांचा पाऊस वेगळा. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात आणि तिथे रिते होतात, त्यामुळे पणजी कोरडी असताना चोर्ला घाटाच्या अंगाला झड लागलेली असते. म्हणून पणजीचा आकडा बघून सत्तरीत जाऊ नका. हवामान खातं साखळी आणि वाळपई या गावांचेही आकडे देतं, ते बघा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: हा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. म्हणजे रविवारी पहाटे पाचला तुम्ही जो ताजा आकडा बघता, त्यात शनिवारची रात्र नसते. आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं. भाच्याच्या आकड्यात जे नव्हतं ते केरीच्या चहावाल्या बाईंच्या तोंडात होतं.

साखळीच्या बाजारात गाडी लावून सहाच्या सुमारास निघालो. पर्येच्या भूमिकेच्या देवळावरून पुढे, चोर्ला घाटाचा रस्ता धरून. या रस्त्याबद्दल एवढंच सांगतो की बेळगावकडून उतरणारे अवजड ट्रक पहाटेही असतात, तेव्हा मागे लाल दिवा लावा आणि कडेची पांढरी रेघ सोडू नका. केरीत चहाला थांबलो. बाईंनी सायकलींकडे बघितलं.

"खंय वता रे बाब?"

"सड्यार."

"सड्यार वचात. पूण व्हाळांत देंवूं नाका. रातीं वयर बरोच पडला."

सड्यावर जा, पण वहाळात, म्हणजे ओढ्यात, उतरू नका; रात्री वर बराच पडला. वर म्हणजे घाटात. खाली केरीत रस्ता कोरडा खडखडीत होता. भाचा माझ्याकडे बघून हसला, मीही हसलो. इतका वेळ चहा पीत बसलो होतो, त्यातली दोन मिनिटं खर्चून आणखी चार प्रश्न विचारायला हवे होते: वहाळाला कालपेक्षा पाणी जास्त आहे का, गुरं आज कुठल्या बाजूला नेली, काल शाळेची मुलं कुठल्या वाटेनं आली. गुरं नेहमीची वाट सोडून लांबून गेली असतील तर तुम्हीही लांबून जा. याच्याएवढं भरवशाचं ॲप मला अजून सापडलेलं नाही.

आता जमिनीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडच्या सायकलवाल्यांच्या गप्पांत टायरवर तासभर बोललं जातं आणि जमिनीवर कुणीच बोलत नाही.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून झिरपतं. पाऊस थांबून चांगलं ऊन पडलं की उघडा सडा काही तासांत सायकलीजोगा होतो. सखल जागी डबकी राहतात, ती टाळता येतात. ऑगस्टपासून या डबक्यांच्या कडेनं सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे गालिचे पसरतात. त्यांच्यावरून सायकल घालू नका. कातळावर बोटभर माती, तीच त्यांची सगळी इस्टेट. तिथे एकदा टायरची चर पडली की माती वाहून जाते.

पण सड्याच्या माथ्यावर झिरपलेलं पाणी जातं कुठे? जांभ्याच्या खाली पिवळट-पांढऱ्या चिकणमातीचा थर असतो, त्याला शेडी म्हणतात. पाणी तिथवर उतरतं आणि अडतं, मग आडवं सरकत सड्याच्या कडेला, उताराच्या पोटात बाहेर फुटतं. आपल्याकडचे झरे बहुतेक असेच. याचा सायकलवाल्याला अर्थ असा की माथा वाळत असतो तेव्हा पायथा भिजत असतो. पाऊस पडला त्या दिवशी जी वाट बरी होती ती उघडिपीच्या दुसऱ्या दिवशी जास्त चिखलाची असू शकते. वरून उन्हात खुशीत आलेला माणूस उतार धरतो आणि शंभर मीटरवर शेडीत रुततो.

आम्ही तेच केलं. माझं कोपर पाण्यानं धुऊन, पट्टी बांधून, सड्याच्या कडेवरून उतरणारी वाट धरली. पहिल्या वळणाला माती लाल होती, दुसऱ्याला नारिंगी, तिसऱ्याला मेणासारखी पिवळी. भाचा पुढे होता. त्याचं मागचं चाक फिरायचं थांबलं. फ्रेम आणि टायर यांच्यामधली फट चिखलानं ठासून भरली होती. त्यानं जोर लावून पेडल मारलं, तसा मी ओरडलो. हीच ती घडी, जेव्हा गिअर बदलणाऱ्या डिरेलरला धरून ठेवणारा हँगर मोडतो आणि उरलेली सफर पायी होते. थांबायचं, उतरायचं, काटकीनं चिखल काढायचा आणि सायकल खांद्यावर घ्यायची. त्या दिवशी सायकल उचलली तर जड लागली, निम्मं वजन सत्तरी तालुक्याचं होतं.

तेव्हापासून भाच्याला एक चाचणी शिकवली आहे, तुम्हीही करा. उतार सुरू व्हायच्या आधी सायकल आडवी ठेवा, पन्नास पावलं चालत खाली जा. मूठभर ओली माती घ्या आणि मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर भुगा झाला तर चला. गोळा राहिला तर सावध. गोळ्याची दोन बोटांत वात वळता आली तर परत फिरा, ती शेडी आहे, तिला आणखी तीन-चार कोरडे दिवस लागतील. मग सायकल दहा पावलं ढकलून मागे वळून बघा. टायरच्या खाचांचा नुसता ठसा उमटला तर ठीक. एक सेंटिमीटरहून खोल चर पडली तर ती वाट आज तुमची नाही.

चरीचं एवढं काय, असं भाच्यानं विचारलंच. या वाटा सायकलींसाठी केलेल्या नाहीत. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जायच्या, काजूत जायच्या, देवळात जायच्या आहेत. डोक्यावर भारा घेतलेली बाई याच उतारानं येते. उतारावरची चर पुढच्या सरीत ओघळ होते आणि त्यापुढच्या सरीत वहाळ. मागच्या पावसात एका कुळागराच्या तोंडाशी मी अशी चर पाहिली, गुडघाभर खोल, सुरुवातीला टायरचे ठसे स्पष्ट. मालकानं तिथे आता काटेरी झाप आडवं घातलं आहे. मी त्यांच्या जागी असतो तर तारेचं कुंपण घातलं असतं.

चिखलातून सुटून खाली वहाळापाशी आलो. बेत असा होता की वहाळ ओलांडून पलीकडच्या काजूतून डांबरी रस्त्याला लागायचं. जूनच्या आधी इथे पाणी घोट्याला लागतं. त्या दिवशी पोटरीभर दिसत होतं, गढूळ, पण वेग बेताचा. भाचा बूट काढायला बसला. मी पाण्याच्या काठाशी एक काटकी रोवली आणि म्हटलं, दहा मिनिटं थांब, बिस्किटं खाऊ. बिस्किटं संपेपर्यंत काटकीचं बूड पाण्यात गेलं होतं. मग वरून पाचोळा आला, पाठोपाठ सुपारीची एक पोय होडीसारखी गिरक्या घेत आली. डोक्यावर ऊन होतं, आणि पाणी रात्रीच्या घाटातल्या पावसाचं, सावकाश खाली पोचणारं. आम्ही परत फिरलो, चढ चढून, सायकली खांद्यावर. दीड तास लागला. भाचा वाटेत एक शब्द बोलला नाही.

2024 च्या जुलैत सत्तरीतल्याच पालीच्या धबधब्यावर गेलेली कितीतरी माणसं पाणी वाढल्यानं पलीकडे अडकली होती, त्यांना दोराच्या आधारानं काढावं लागलं. तीही पाणी कमी असतानाच पलीकडे गेली होती. गढूळ पाणी, वाहता पाचोळा, आवाजात अचानक पडलेला जाडपणा, यातलं एकही दिसलं-ऐकलं तर बूट पायातच ठेवा. वाळवंटी नावाच्या नदीच्या काठानं जाणार असाल तर अंजुणे धरणाचीही बातमी ठेवा. धरण भरत आलं की पाणी सोडतात, ते साखळीपर्यंत जाणवतं.

खाणींच्या रस्त्यांबद्दल लोक विचारतात. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यानंतर डिचोलीच्या पट्ट्यातले बरेच कच्चे रस्ते ओस पडले आणि रुंद, ट्रकांनी ठोकून घट्ट केलेले म्हणून सायकलवाल्यांच्या डोळ्यात भरले. मला ते पावसाळ्यात मुळीच आवडत नाहीत. वरचा लाल गाळ रंगासारखा चिकटतो, कडा पोखरलेल्या असतात, आणि पाण्यानं भरलेल्या खंदकांना कठडा नसतो. शिवाय जमीन कुणाच्या तरी ताब्यात असते, विचारल्याशिवाय शिरू नये. सड्यावरच्या जुन्या चिरेखाणींचंही तेच. ऑगस्टमध्ये गवत कमरेइतकं वाढतं आणि सरळ कापलेला खड्डा त्यात दिसत नाही. मळलेली वाट सोडून गवतात सायकल घालायची नाही, मग समोर कितीही मोकळं दिसो.

म्हादई अभयारण्याची हद्द इथून लांब नाही. आत जायचं तर वनखात्याची परवानगी हवी, ती आधी काढा.

सायकलीचं थोडक्यात. ओल्या जांभ्यासाठी हवा नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय कमी ठेवतो. उघड्या मुळांवरून चाक सरळ काटकोनात न्या, ब्रेक त्याच्या आधी मारून घ्या, मुळावर नाही. आमची लाल माती ब्रेकच्या पॅडना पॉलिश पेपरसारखी खाते, म्हणून पावसाळ्यात मेटलचे पॅड घालतो आणि जादा जोडी पिशवीत ठेवतो. घरी आल्यावर चिखल ओला असतानाच साध्या पाइपनं धुवा. गॅरेजमधल्या जोराच्या फवाऱ्याखाली सायकल धरू नका, बेअरिंगमधलं ग्रीस जाऊन पाणी शिरतं. भाच्यानं उत्साहानं तसाच फवारा मारला होता, आता पुण्यात त्याचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांचा आस, कुरकुरतोय.

जळवांसाठी मिठाची पुरचुंडी. वाकलेल्या फांदीखालून जाताना मान वर करून बघा, पावसाळ्यात चापडा हा विषारी साप तिथेच बसलेला असतो, पानाच्याच रंगाचा. खरचटलं तर जखम स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर अंगावर काढू नका, आणि डॉक्टरांना चिखल-पाण्यात पडलो होतो हे आठवणीनं सांगा. लेप्टोचा, म्हणजे दूषित चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, संशय त्यांना त्यावरूनच येतो. दरीत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा कुठून शिरणार आणि किती वाजेपर्यंत बाहेर येणार हे घरी लिहून पाठवा. आम्ही चहावाल्या बाईंनाही सांगून ठेवलं होतं, आणि परत येताना त्या खरोखर रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. भाच्याच्या पायांकडे बघून म्हणाल्या, "देंवलेच मरे तुमी!" उतरलातच ना तुम्ही!

सत्तरी ओली असेल तर पर्याय म्हणून जुन्या गोव्याहून फेरीनं दिवाडी बेटावर जा. तिथे डांबरी रस्ते आहेत, चढ एकच, आणि भातशेती या दिवसांत डोळे निववते. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधांवर मात्र सायकल चढवू नका. ते मातीचे असतात, पावसात मऊ होतात, आणि मानशीजवळ, म्हणजे पाणी अडवायच्या दाराजवळ, बांध खचला तर खारं पाणी भातात शिरतं.

आजची परिस्थिती: मोर्ल्याकडचा उघडा सडा सकाळी नऊनंतर चालण्याजोगा, जांभळीखालचा पट्टा उतरून पार करा. पश्चिमेकडचा उतार बंदच समजा. वहाळ ओलांडायचा विचार चवथ झाल्यावर, आणि तेव्हाही आधी केरीत चहा.