मुक्ताचा डावा डोळा

मंगळवार, रात्री उशिरा

माझी भाची मुक्ता स्नूकर उजव्या हाताने खेळते आणि डाव्या डोळ्याने बघते. संशय होताच, आज पक्कं झालं.

तिचे कट, म्हणजे कोनातून मारलेले शॉट, बरे असतात, जवळचे पॉट, म्हणजे बॉल टेबलाच्या पॉकेटमध्ये घालणं, तर छानच. अडतो तो लांबचा सरळ शॉट. निळा बॉल टेबलावरच्या आपल्या ठिपक्यावर, क्यूने (खेळायच्या काठीने) मारायचा पांढरा त्याच्या मागे, कोपऱ्याचं पॉकेट बरोब्बर रेषेत. कोन नाही, काही नाही, आणि म्हणूनच जास्त अवघड. निळा पॉकेटच्या डाव्या जबड्यावर, म्हणजे तोंडाच्या कडेवर, आपटतो आणि बाहेर येतो. नेहमी डाव्याच. हात थरथरत असता, क्यू डगमगत असता, तर बॉल कधी इकडे गेला असता, कधी तिकडे. एकाच बाजूला जायला लागला की हाताला बोल लावून उपयोग नसतो.

इंदूरमध्ये पलासियाच्या ज्या स्नूकर पार्लरमध्ये आम्ही जातो तिथे संध्याकाळी टेबलाभोवती उंटावरचे शहाणे भरपूर. एकाने क्यू बदलायला सांगितला. दुसरा म्हणाला, क्यूच्या टोकाची टिप फार कडक आहे. तिसऱ्याने टेबलच एका अंगाला उतरतंय असा शोध लावला. (टेबलं उतरतात, नाही असं नाही, पण मग माझेही निळे डावीकडे जायला हवेत.) गुण मांडणारा मार्कर मात्र गप्प उभा होता. फ्रेम, म्हणजे डाव, संपली, मुक्ताने हरल्याचे टेबलाचे पैसे काढून ठेवले, तेव्हा तो म्हणाला, "बेटा, ज़रा दोनों हाथ की खिड़की बना के दिखाओ."

दोन्ही हात समोर ताठ धरायचे, पंजे एकमेकांवर आणायचे आणि मध्ये रुपयाएवढी फट ठेवायची. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबची एखादी वस्तू बघायची. मुक्ताने स्कोअरबोर्डची लाल सरकपट्टी पकडली. उजवा डोळा मिटला, पट्टी जागच्या जागी. डावा मिटला आणि पट्टी गायब, समोर नुसता स्वतःचा पंजा. तिने तीनदा करून पाहिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, म्हणजे माझा उजवा डोळा नुसता बसून खातो?"

तसं नाही. बघतात दोन्ही. पण "ती वस्तू नेमकी कुठल्या दिशेला आहे" हा निकाल देताना मेंदू एका डोळ्याला झुकतं माप देतो. हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. इटलीतल्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ताने १५९३ मध्येच डोळ्यासमोर काठी धरून हा प्रयोग कसा करायचा ते लिहून ठेवलंय.

बुधवार

सकाळी पोहे होईस्तोवर मुक्ताने घरातल्या सगळ्यांना खिडकी करायला लावली. राजेंद्र नगरातल्या आमच्या घरात आज डोळ्यांची जनगणना झाली म्हणायला हरकत नाही. मी उजवी. ताई उजवी. भाऊजी डावखुरे, पण डोळा उजवा. यात नवल काही नाही. साधारण दोन तृतीयांश लोकांचा उजवा डोळा प्रबळ असतो आणि हाताचा त्याच्याशी फारसा पक्का संबंध नसतो. उजव्या हाताची आणि डाव्या डोळ्याची माणसं रस्तोरस्ती भेटतील, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. लिहिताना, पोळ्या लाटताना, स्कूटर चालवताना कोण कशाला तपासतंय? नेम धरायची वेळ आली तरच हे कळतं.

आईचं मात्र वेगळंच निघालं. "मला हे डॉक्टरांनी करायला लावलं होतं," ती म्हणाली, "पुठ्ठ्याला भोक पाडून." मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी एका डोळ्यात लांबचं बघायची लेन्स आणि दुसऱ्यात जवळचं, असा पर्याय काहींना देतात. तेव्हा लांबचं बहुतेक वेळा प्रबळ डोळ्याकडे सोपवतात, म्हणून आधी ही तपासणी. आईने तो पर्याय घेतला नाही, पण तपासणी तिच्या नीट लक्षात आहे. आज तिचा डोळा उजवा निघाला. तेव्हा डॉक्टर डावा म्हणाले होते, असं ती ठामपणे सांगते. उजव्यात तेव्हा मोतीबिंदू जास्त पिकलेला होता, त्यामुळे ते शक्य आहे. एका डोळ्याला धूसर दिसायला लागलं की मेंदू दुसऱ्याकडे कलतो. म्हणजे हा काही जन्मपत्रिकेत लिहून आलेला डोळा नाही.

मुक्ता कॉलेजला जाताना सांगून गेली, "आता मी क्यू डाव्या डोळ्याखाली घेणार." पार्लरमध्ये कालच कुणीतरी तिला हा मंत्र दिलाय. मला तो पटलेला नाही. का पटला नाही ते नीट मांडायला हवं.

गुरुवार

ऑफिसात दुपारी कामाच्या कागदाच्या पाठीवर आकृती काढली. डोळा नाकाच्या मध्यरेषेपासून साधारण ३ सेंमी बाजूला असतो. खाली वाकून हनुवटी क्यूला टेकवली की पांढरा बॉल डोळ्यापासून अंदाजे ७५ सेंमीवर येतो. निळा त्याच्याही पुढे १५० सेंमीवर आहे असं धरू. आता क्यू अगदी हनुवटीच्या मधोमध आहे, पण बघणारा डोळा डावा. त्या डोळ्यातून निघून पांढऱ्याच्या मध्यातून जाणारी रेषा निळ्यापर्यंत पोचते तेव्हा ती उजवीकडे ६ सेंमी सरकलेली असते. बॉलचा व्यास ५२.५ मिमी. अख्ख्या बॉलपेक्षा जास्त चूक!

इथेच सगळी गंमत आहे. इतकी चूक खरोखर होत असती तर जगात कुणालाच स्नूकर खेळता आलं नसतं. मुक्ताचा निळा पॉकेटच्या जबड्याला लागतो, म्हणजे चूक काही मिलिमीटरांचीच होते. बाकीचा सगळा हिशोब मेंदू परस्पर चुकता करतो, आपल्याला न सांगता. त्याला वर्षानुवर्षांची सवय आहे, कुठला डोळा नाकापासून किती लांब हे तो जाणतो. प्रश्न उरतो तो शेवटच्या चिमूटभर बाकीचा. आणि ती बाकी प्रत्येकाची वेगळी. "डावा डोळा, म्हणून क्यू डाव्या डोळ्याखाली" हे सूत्र ६ सेंमीच्या चुकीवरचं औषध आहे, जी चूक होतच नाही.

आणखी एक प्रयोग आहे, तो कुणीही करून बघावा. टेबलावर वाकायचं, क्यू पांढऱ्यामागे ठेवायचा आणि नजर लांबच्या लाल बॉलवर नीट स्थिर करायची. नजर न हलवता खालच्या क्यूची जाणीव घ्यायची. क्यू दोन दिसतात! एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्याचा, दोन्ही वर टोकाकडे एकमेकांजवळ येणारे. एक ठसठशीत, दुसरा पुसट, ट्रेसिंग पेपरखाली ठेवल्यासारखा. ज्यांचा डोळा अगदी एकांगी प्रबळ असतो त्यांना दुसरा जवळजवळ दिसतच नाही. ज्यांचे दोन्ही डोळे तुल्यबळ, त्यांना दोन्ही क्यू सारखेच ठळक दिसतात आणि कुठला खरा मानायचा हा घोळ होतो. मला वाटतं अशा लोकांची पंचाईत मुक्तापेक्षा मोठी. तिच्याकडे निदान एक ठाम डोळा आहे.

"मग एक डोळा मिटूनच का नाही खेळायचं?" हे रात्री फोनवर भाऊजींनी विचारलं. बंदुकीचा नेम असता तर मिटला असता. इथे बॉल कुठे आहे एवढंच बघायचं नसतं, किती जोराने मारला की पांढरा कुठे थांबेल हेही त्याच नजरेने ठरवायचं असतं. एक डोळा मिटला की खोलीचा अंदाज कमी होतो आणि शिवाय तोंड वाकडं होऊन मान आखडते ते वेगळंच.

शनिवार

आज दुपारी पार्लर रिकामं होतं. इंदूरच्या दुपारी कुणाला टेबलावर वाकायचं असतं? सगळे सराफ्याच्या, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीच्या, तयारीने झोपा काढतात. मोबाईल टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या कुशनवर, म्हणजे काठावर, उभा केला, कॅमेरा थेट मुक्ताच्या तोंडासमोर, आणि तिला निळे खेळायला लावले.

व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. उभी असते तेव्हा तिचं नाक शॉटच्या रेषेवर. खाली वाकते तीही सरळ. शेवटच्या क्षणी, हनुवटी टेकता टेकता, चेहरा किंचित उजवीकडे वळतो. डावा डोळा पुढे येऊन क्यूवर डोकावतो आणि त्याच्याबरोबर क्यूची मागची बाजू बोटभर डावीकडे ओढली जाते. पाय आणि खांदा मात्र जिथल्या तिथे. म्हणजे क्यू डावीकडून उजवीकडे तिरपा जातो. पांढरा निळ्याच्या उजव्या अंगाला लागतो आणि निळा डावीकडे. संपलं कोडं.

चेहरा वळवण्यात आणखी एक मेख आहे. चेहरा उजवीकडे वळला की समोरचं बघायला बुबुळं डावीकडे न्यावी लागतात. आणि खान आणि क्रॉफर्ड या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिलंय की नजर डावीकडे गेली की डावा डोळा जोर धरतो, उजवीकडे गेली की उजवा. प्रबळ डोळा नजरेच्या कोनाप्रमाणे पालटतोसुद्धा. खिडकीची तपासणी आपण नाकासमोर बघून करतो, टेबलावर मान वळवून आणि भुवयांखालून बघतो. तपासणीचा निकाल टेबलावर जसाच्या तसा लावायचा नाही तो याचसाठी.

मुक्ताला हे सांगितलं तर तिने जुना स्नूकरपटू जो डेव्हिस याचं उदाहरण तोंडावर फेकलं. १९२७ पासून १९४६ पर्यंत १५ वेळा जगज्जेता, उजव्या हाताचा, उजवा डोळा अधू, क्यू डाव्या डोळ्याखाली. अगदी तिच्यासारखाच. बरोबर आहे, पण त्याचा उजवा डोळा खरोखरच कामाचा नव्हता, मुक्ताचा चांगला आहे. शिवाय त्याने क्यू डाव्या डोळ्याखाली घेतला तो सगळं अंग त्याप्रमाणे उभं करून. शेवटच्या क्षणी मान वळवून नव्हे. हनुवटीच्या मधोमध क्यू ठेवणारेही मोठे खेळाडू झाले, बाजूला ठेवणारेही झाले. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत हा खेळ सुरू झाला म्हणतात, तेव्हापासून आजवर सगळ्यांना लागू पडेल अशी एक जागा कुणाला सापडलेली नाही. इंदूरच्याच स्नूकरपटू अमी कमानीचा फोटो मुक्ताच्या मोबाईलवर आहे. तिची हनुवटी बघून आपली हनुवटी ठरवायची हे मला काही कळत नाही.

मग आम्ही क्यूला हातच लावला नाही, पाय हलवले. शॉटच्या मागे उभं राहतानाच डावा डोळा रेषेवर येईल असं डोकं इंचभर उजवीकडे घ्यायचं, उजवं पाऊल त्याप्रमाणे टाकायचं आणि त्या रेषेवरून सरळ खाली यायचं. पहिल्यांदा तिला सगळं टेबल तिरकं वाटलं. "मावशी, हे चुकीचं दिसतंय गं!" दिसणारच. इतकी वर्षं जे सरळ दिसत होतं तेच तिरकं होतं.

खरं-खोटं टेबलाला विचारायचं. पांढरा तपकिरी ठिपक्यावर ठेवून निळ्या, गुलाबी, काळ्या ठिपक्यांवरून सरळ वर मारायचा. कुशनला लागून तो त्याच रस्त्याने परत येऊन टिपला भिडला पाहिजे. जुन्या पद्धतीने उभी राहिली की तो टिपच्या उजवीकडून निसटत होता. पाय हलवल्यावर टिपच्या जवळपास यायला लागला, मध्येच एक-दोन बरोब्बर टिपवर. निळे अजून सगळे पडत नाहीत, पण आता चुकतात ते दोन्ही बाजूंना चुकतात. मला त्याचाच जास्त आनंद झाला, मुक्ताला अजिबात नाही.

माझं स्वतःचं दुखणं वेगळंच आहे, चष्म्याचं. वाकलं की मी भिंगाच्या वरच्या कडेतून बघते आणि कडेतून बघितलं की बॉल जागेवरून हलल्यासारखा दिसतो. डेनिस टेलर या स्नूकरपटूने मोठ्या भिंगांचा, कपाळापर्यंत उंच चढवलेला चष्मा करून घेतला होता तो उगीच नाही. त्यातूनच बघत त्याने १९८५ च्या जागतिक स्पर्धेची फायनल स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध १८-१७ अशी, शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्यावर जिंकली. तसला चष्मा घालून मी राजवाड्यावर फिरले तर ताई ओळख दाखवणार नाही.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. बॉल लांब असला की रेस्ट, म्हणजे हाताऐवजी क्यू टेकवायची लांब दांडी, घ्यावा लागतो आणि रेस्टवर खेळताना क्यू हनुवटीला टेकतच नाही, चेहऱ्यासमोर आडवा हात करून मारायचा. मुक्ताचे रेस्टचे शॉट आधीपासूनच सरळ जातात. तिथे तिचा डावा डोळा आडवा का येत नाही? मार्करला विचारलं तर तो म्हणाला, पुढच्या शनिवारी दुपारी या, टेबल मोकळं ठेवतो.