पांढऱ्यावर पांढरे: आयल्सनचे शेवटचे उड्डाण

अतिशीत प्रदेशातील विमान अपघातांची कारणे सांगताना बहुधा वादळाचे नाव घेऊन विषय संपवला जातो. अमेरिकन वैमानिक कार्ल बेन आयल्सनच्या अपघाताबाबत मला ते पुरेसे वाटत नाही.

१९२९ च्या शरद ऋतूत ओलाफ स्वेन्सन या अमेरिकन व्यापाऱ्याचे ‘नानुक’ हे जहाज सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्यावर, नॉर्थ केपपाशी, बर्फात अडकले होते. त्यावरील मौल्यवान फर आणि काही माणसे अलास्कात आणण्याचे काम आयल्सनने स्वीकारले. पहिली फेरी सुखरूप पार पडली; ९ नोव्हेंबर रोजी मेकॅनिक अर्ल बोरलंडला घेऊन अलास्कातील टेलर गावाहून तो दुसऱ्या फेरीवर निघाला, तो परतलाच नाही. हा काही नवखा वैमानिक नव्हता. १९२८ मध्ये ध्रुवीय संशोधक ह्युबर्ट विल्किन्ससह त्याने अलास्कातील पॉइंट बॅरोहून नॉर्वेच्या उत्तरेकडील स्पिट्सबर्गन बेटापर्यंत आर्क्टिक ओलांडला होता, आणि त्याआधीच्या वर्षी समुद्रावरील बर्फात उतरावे लागल्यानंतर झालेल्या पायपिटीत हिमदंशाने एक बोटही गमावले होते.

त्या काळी त्या किनाऱ्यावर वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा नव्हती. जमीन दिसत राहावी म्हणून ढग खाली आले की वैमानिकही खाली येई, आणि एरवी हा निर्णय शहाणपणाचाच असे. परंतु झाडे नसलेल्या, सपाट, बर्फाच्छादित किनाऱ्यावर आकाशही पांढरे झाले की सावली उरत नाही, क्षितिज पुसले जाते आणि जमीन समोर असूनही ती किती खाली आहे हे डोळ्यांना कळत नाही. ज्या आधारासाठी खाली यायचे, तो आधारच तेथे फसवा ठरतो.

अशा वेळी उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरवर विसंबावे, तर त्याचीही अडचण आहे. हे यंत्र उंची मोजत नाही. ते हवेचा दाब मोजून त्यावरून उंचीचे अनुमान करते. वादळाच्या दिशेने जाताना दाब उतरतो, आणि दाब दर हेक्टोपास्कलने (दाबाचे एकक) घटला की यंत्र सुमारे ८ मीटर जास्त उंची दाखवते. शिवाय थंड हवा दाट असते, त्यामुळे वर जाताना तिचा दाब लवकर उतरतो आणि यंत्र पुन्हा जास्त उंची दाखवते. तापमान यंत्राने गृहीत धरलेल्या प्रमाण तापमानापेक्षा ४० अंशांनी कमी असेल, तर काटा ३०० मीटर दाखवत असताना विमान प्रत्यक्षात साधारण २६० मीटरवर असते. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, आणि ती दिशा जमिनीची. आयल्सनचा अल्टिमीटर सदोष असावा, असा कयास पुढे व्यक्त झाला. माझ्या मते यंत्र पूर्ण निर्दोष असते, तरी त्या दिवशी त्याने वैमानिकाला खरी उंची सांगितली असती याची खात्री देता येत नाही.

ध्रुवीय अंधारात शोध अडीच महिन्यांहून अधिक काळ रेंगाळला. जानेवारी १९३० च्या अखेरीस जो क्रॉसन आणि हॅरोल्ड गिलम या वैमानिकांना बर्फातून वर आलेला पंख दिसला. मृतदेह मात्र फेब्रुवारीत, सोव्हिएत आणि अमेरिकन माणसांनी मिळून बर्फ खणल्यानंतर हाती लागले. ते अलास्कात पोहोचवताना सोव्हिएत वैमानिक मावरिकी स्लेपन्योव्ह सोबत होता. १९३४ मध्ये त्याच किनाऱ्यालगतच्या चुक्ची समुद्रात ‘चेल्युस्किन’ जहाज बुडाले, तेव्हा बर्फावर अडकलेल्या १०४ जणांना विमानाने बाहेर काढणाऱ्या वैमानिकांत हाच स्लेपन्योव्ह होता.